उलटे आकडे

दार तुटलं तेव्हा मी बाथरूममध्ये फोनच्या लॉकचा नंबर बदलत होते.

माझ्या लेकीच्या, चिमीच्या हातून दूध सांडलं होतं, एवढंच. नवऱ्याने तिला एका दंडाने उचलून गॅलरीच्या कठड्याबाहेर धरलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "सोडू?" खाली चार मजले. मग त्याने तिला आत भिरकावलं, पिठाची पिशवी टाकावी तशी. खांद्यातून कट्ट आवाज आला. तेवढ्यात माझ्या गाऊनच्या खिशातला उजेड त्याला दिसला. फोन सगळं ऐकत होता. आठवडाभर मी त्यात असंच रेकॉर्डिंग चालू ठेवून घरात वावरत होते.

जुना नंबर त्याला पाठ होता, चिमीची जन्मतारीख. म्हणून मी बाथरूममध्ये पळाले आणि कडी लावून नवा घातला. बाहेर त्याच्या लाथा, मागून सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा चालू. मग बिजागरीच निखळली. त्याने माझे केस मुठीत धरून कपाळ बेसिनच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात बेसिनमध्ये टिण्णकन वाजला. फोन फरशीवर पडून बंद झाला.

खालच्या काकूंनी पोलिसांना बोलावलं. आता हॉलमध्ये पोलीसबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या आणि नवरा त्यांना पाणी देत होता.

"मॅडम, हिला झटके येतात," तो म्हणाला. "पोरीचा हात हिनेच पिरगळला. सोडवायला गेलो तर स्वतःच बेसिनवर डोकं आपटून घेतलं. हिला न्या दवाखान्यात. पोर इथेच राहू दे, आजीजवळ."

चिमी माझ्या कडेवर. तिचा हात लोंबत होता. रडून रडून ती आता नुसते हुंदके देत होती.

"ताई," बाई मला म्हणाल्या, "तुम्ही म्हणता रेकॉर्डिंग आहे. ऐकवा. नाहीतर तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. मग पोर कोणाजवळ ठेवायची ते मी कसं ठरवू?"

फोन चालू झाला होता, पण बंद पडून उठलेला फोन बोट ओळखत नाही, आकडे मागतो. आणि आकडे माझ्या डोक्यातून बेसिनच्या फटक्याबरोबर निघून गेले होते. आईचा वाढदिवस घातला, लग्नाची तारीख घातली, माहेरच्या पिनकोडचे शेवटचे चार आकडे घातले. पडदा प्रत्येक वेळी थरथरून नाही म्हणाला. नवऱ्याच्या धास्तीने मीच तशी सोय करून ठेवली होती की चुका फार झाल्या तर आतलं सगळं पुसून जावं. आता नंबर एकदाच घालता येणार होता.

"दे इकडे, मी उघडतो," नवरा गोड आवाजात म्हणाला. त्याचा अंगठा मात्र माझ्या मनगटाच्या हाडावर रुतला होता.

"हात काढा," बाई म्हणाल्या. त्याने काढला.

"अहो, काय विचारता तिला!" सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या दिवसापासून हिचा माझ्या लेकाशी छत्तीसचा आकडा. मघाशी दाराबाहेर घसा फोडून तेच सांगत होते."

छत्तीस.

लाथांच्या मधून हाच शब्द आला होता. चार आकडे हवे होते, मी तोच दोनदा दाबला होता. बोट तीनवर नेलं आणि तिथेच थांबले. मला लहानपणापासून आकडे ऐकून लिहिता येत नाहीत. कानाला आधी सहा ऐकू येतो, मग तीस. हात तसंच लिहितो. वहीत खोडता तरी येतं, पण कोणी फोन नंबर सांगितला की माझा फोन नेहमी भलत्याच घरी लागतो. यावरून नवऱ्याने चारचौघांत किती खिदळून घेतलंय! मग दारावर लाथा बसत असताना मी सरळ कसं लिहिलं असेल?

सहा, तीन. सहा, तीन.

पडदा उघडला. मी शेवटचं रेकॉर्डिंग लावलं.

"सोडू?" त्याचा आवाज हॉलभर झाला. मागे चिमीची किंकाळी. मग पुन्हा तो, हसत: "आज नाही तर उद्या सोडीन. तुझ्या डोळ्यांदेखत."

त्याने पाण्याचा तांब्या उचलून माझ्या हातावर हाणला. मी चिमीवर पालथी पडले. दुसरा घाव पाठीत बसला, तिसरा बाईंच्या कोपरावर. मग बाईंनी त्याला मानेला धरून टीपॉयवर दाबलं. टीपॉयची काच त्याच्या गालाखाली तडकली, त्याचं नाक फुटलं, आणि तो "मॅडम, मॅडम" करत राहिला.

"लेकरा!" सासूबाई किंचाळल्या. कोणत्या लेकराला ते मला कळलं नाही.

बेड्या अडकवून झाल्यावर बाईंनी रक्ताळलेल्या हाताने खिशातलं पेन काढलं. "फोन जमा करावा लागेल. लॉकचा नंबर सांगा."

"त्रेसष्ट त्रेसष्ट," मी म्हणाले, आणि लगेच त्यांचा हात धरला. "नको, थांबा. एकेक आकडा सांगते."