मस्तकनाथांचा अंगारा आणि सुंदराबाईंचा मिक्सर

सदाशिव पेठेतल्या त्या मंगल कार्यालयात दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. निम्मी गर्दी थेट हिंजवडीहून आलेली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हात जोडलेले. समोर झोपाळ्यावर मस्तकनाथ महाराज. अर्धशिशी आणि चक्कर हे त्यांचं खास खातं. उरलेले रोग बाकीच्या बुवांनी वाटून घेतले असावेत.

"डोकं म्हणजे सर्व्हर," महाराज डोळे मिटून सांगायचे, "आणि डॉक्टरची गोळी म्हणजे व्हायरस! आधी व्हायरस काढा, मग आम्ही फॉरमॅट मारतो."

दिवसभर खरेखुरे सर्व्हर सांभाळणारी पोरं यावर माना डोलवायची. मग एकेक जण उठून आपल्या गोळ्यांच्या पट्ट्या महाराजांपुढच्या तांब्याच्या घंगाळात टाकायचा. याचं नाव 'विषार्पण'. बदल्यात अंगाऱ्याची पुडी. रोज सकाळी चमचाभर, मधातून. अट एकच: का आणि कसं, हे विचारायचं नाही. विचारलं की गुण जातो.

आणि गुण येत होता, हीच तर पंचाईत! गोळ्या सोडून महिने झाले तरी पुष्कळांचं डोकं दुखत नव्हतं. लोक माईकवरून रडत रडत तसं सांगायचे.

माझ्याकडे भाड्याने राहणारी रुपाली त्यांच्यातच जाऊन बसली. यवतमाळची हुशार पोर, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. पण अर्धशिशी उठली की भिंत धरून मोरीपर्यंत जायची, घर फिरतंय म्हणायची. डॉक्टर आम्रपाली मेश्राम यांनी तिला एक गोळी लिहून दिली होती. दुखणं मुळात येऊच नये म्हणून रोज घ्यायची. आमच्या रुपालीबाईंनी ती चार दिवसांत सोडली.

"काकू, डोकं दुखतच नाहीये, तर टॅब्लेट कशाला? सवय लागते."

"आणि रोज राख खायची सवय लागत नाही वाटतं?"

"ती नॅचरल आहे!"

"स्मशानातलीही नॅचरलच असते." मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, राखेचं कौतुक मला कुणी सांगू नये. रुपाली चिडून बसस्टॉपवर निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी ती पलंगावर ओणवी बसलेली दिसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज, ओठ निळसर. लहानपणीचा दमा उसळला होता. रिक्षात तिने माझा हात इतका घट्ट धरला, की मला तिच्या आईला फोनवर काय सांगायचं तेच सुचेना. मी घाबरले होते.

डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावला, श्वासातून औषध दिलं आणि तिचं मनगट धरून त्या थबकल्या. "दम लागला की नाडी धावते. हिची इतकी मंद कशी? रुपाली, काय घेतेस तू?"

"काहीच नाही मॅडम. फक्त अंगारा."

तिच्या पर्समधली पुडी डॉक्टरांनी पाण्यात कालवून गाळली. गाळणीत राहिले पांढरे-गुलाबी कण. एका तुकड्यावर गोळी मोडायची रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"खात्री प्रयोगशाळाच देईल," डॉक्टर म्हणाल्या, "पण मला वाटतं हे प्रोप्रॅनोलॉल. अर्धशिशी टाळायला मीच कितीतरी जणांना देते. हिला दमा आहे म्हणून मुद्दाम दिलं नव्हतं. अशांची श्वासनळी आवळते त्याने."

घंगाळातल्या पट्ट्या कुठे जातात, ते मला तिथेच उमगलं.

गुरुवारी मी सरळ झोपाळ्यापुढे जाऊन उभी राहिले. "महाराज, एक चमचा आपणही घ्या."

"आमचा उपास आहे, माई."

"राख उपासाला चालते."

मागे कुणीतरी खुसखुसलं. "माईंच्या मनात किल्मिष आहे," महाराज भक्तांकडे बघून म्हणाले.

"मनातलं राहू द्या, तुमच्या पुडीतलं बघा." मी त्यांच्यापुढचीच एक पुडी पाण्याच्या पेल्यात ओतली, घरून आणलेल्या गाळणीतून गाळली आणि गाळणी पहिल्या रांगेतून फिरवली. "अंगाऱ्यात गोळ्यांचे तुकडे कसे?"

दोन शिष्य मला उचलायला धावले. तेवढ्यात चवरी ढाळणाऱ्या सुंदराबाई थांबल्या. महाराजांच्या सगळ्यांत जुन्या भक्त त्या. त्यांच्या डोळ्यांत भलताच संशय उभा राहिला होता.

"अहो महाराज, माझा मिक्सर आपण काजू-बदाम वाटायला म्हणून नेलात ना?"

उत्तराची वाट न बघता त्या आतल्या खोलीत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात मिक्सरचं भांडं होतं, पांढऱ्या भुकटीने माखलेलं, आणि दुसऱ्या हातात मूठभर रिकाम्या पट्ट्या.

"नवा मिक्सर होता हो माझा!" त्या ओरडल्या.

श्रद्धेपेक्षा मिक्सर मोठा ठरला. मला चालेल.

"आता ऐका," मी म्हणाले. "विष म्हणून जे इथे टाकता, तेच प्रसाद म्हणून खाता. औषध सोडलेलं नाहीच तुम्ही, म्हणून गुण येतो. पण कुणाची गोळी कुणाच्या पोटात आणि किती, याचा पत्ता नाही. म्हणून माझी रुपाली दवाखान्यात पडली आहे."

कुणीतरी पोलिसांना फोन केला. ते आले तेव्हा महाराज मागच्या जिन्यात सापडले.

आणि मग ज्याने माझं टाळकं सटकलं ते घडलं. माणसं माझ्याभोवती जमली. "बाई, त्या गोळीचं नाव काय? लिहून द्या ना, थेट दुकानातून घेऊ."

"एका बुवाला उठवलं नाही तोच मला झोपाळ्यावर बसवताय?" मी ओरडले. "डॉक्टर देतात ती गोळीही हीच आहे! डॉक्टरांनी ती रुपालीला दिली नाही, कारण त्यांनी आधी विचारलं, दमा आहे का? या माणसाने विचारलं नाही आणि तुम्हालाही विचारू दिलं नाही. तुमच्यापैकी कितीजणांना दमा आहे, मला माहीत आहे का?"

मागचे दोन-तीन हात हळूच छातीकडे गेले.

रुपाली वाचली. आता दुसरी गोळी रोज घेते, डोकं दुखत नसतानाही. ती सुरू करण्याआधी तिने डॉक्टरांना प्रश्नांनी हैराण केलं: काय करते ही गोळी, त्रास काय होईल, बंद कधी करायची. आम्रपालीबाईंनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि एकाला "नक्की सांगता येत नाही" असंही म्हणाल्या. असं म्हणायची हिंमत मी अजून एकाही बुवात पाहिलेली नाही.

तुम्हीही विचारा. डॉक्टरला विचारा, औषधवाल्याला विचारा, मलाही विचारा. आणि विचारू नका असं जो सांगेल, त्याच्या हातचं काहीही तोंडात घालू नका.