औषध थांबलं तेव्हा

तोंडाच्या कॅन्सरवरच्या एका औषधामागे डॉ. योगिनी परब यांची उमेदीची वर्षं गेली होती. रुग्णांना त्याचा गुण येईना, तेव्हा त्यांनीच चाचणी थांबवली. प्रत्येक रुग्णाला त्या घरी जाऊन सांगत होत्या. बाळकुमला आवडाबाई कोळणीच्या दारात पोचेपर्यंत त्या पार थकून गेल्या.

“आवडाबाई, या औषधाचा उपयोग होत नाहीये. आता बंद करू.”

आवडाबाईंनी त्यांना आत बसवलं. “मंग तू आता काय करशील?”

“दुसरं शोधायला घेईन.”

“ते मना मिळंल?”

योगिनीताईंना खोटं बोलवेना. “नाही. खूप वर्षं लागतील.”

“मंग उपाशी नको जाऊ,” म्हणत आवडाबाईंनी ताट वाढलं. योगिनीताई मुकाट्याने जेवल्या. आवडाबाईंना घास गिळवत नव्हता, तरी त्या समोर बसून राहिल्या.