देठ

अंकुरच्या लंगोटात शी दोऱ्यासारखी बारीक आली होती. साधना ती बघतच राहिली.

जन्मतःच त्याची शीची वाट आक्रसलेली होती. अकोल्याच्या सर्जननी ती चिरून, टाके घालून रुंद केली आणि सुट्टी देताना स्टीलच्या गुळगुळीत, चढत्या जाडीच्या सळया साधनाच्या हातात ठेवल्या. जखम भरताना आवळते, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ जेली लावून सळई घालायची. चुकलात तर पुन्हा ऑपरेशन. अंकुर किंचाळायचा, साधना ओठ आवळून सळई घालायची. मग डेंग्यूनं तिलाच वाशीमला भरती व्हावं लागलं. जाताना तिनं नवऱ्याला, पवनला, सगळं करून दाखवलं होतं.

आज घरी आल्याआल्या तिनं नेहमीची सळई लावून पाहिली. ती तोंडाशीच अडली.

पवन ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होता.

"फोनवर रोज 'केलं' म्हणत होते तुमी."

"लय रडे तो. मले नाई पाह्यवलं."

"मंग मले पाह्यवे?"

"त्याले काहून बोलतं?" सासू, गिरजाबाई, आतून म्हणाली. "बापमाणसाचं काम हाय का ते? मी लावत होती ना विड्याच्या पानाचं देठ, एरंडेलात बुडवून. आमची सारी लेकरं देठावरच मोठी झाली."

"त्याईले टाके नव्हते, आई."

"आली मोठी डॉक्टरीण."

साधनाची कानशिलं तापली. ऑपरेशनआधीही हेच देठ होतं. देठ लावलं की थोडी शी व्हायची, म्हणून पोट नगाऱ्यासारखं होईपर्यंत पोराला दवाखान्यात न्यायला कुणी तयार नव्हतं.

तिनं सर्जनना फोन लावला. बारीक सळईपासून पुन्हा सुरू करा, जोर लावू नका, तीही गेली नाही तर लगेच घेऊन या, ते म्हणाले.

तिनं सर्वांत बारीक सळई उकळली, गार केली, जेली लावली आणि पवनपुढे धरली.

"तूच घाल ना."

"नाई. तुमी. आई, पाय धरा त्याचे."

"मी नाई बाप्पा."

"देठ लावताना कोन धरले होते? धरा."

अंकुर किंचाळला. पवननं डोळे मिटले.

"डोळे उघडा. हळू."

सळई अडली, थांबली, मग आत गेली. पवनचं कपाळ घामेजलं होतं. गिरजाबाई पदर डोळ्यांना लावून बसली. साधनाला दोघांचीही दया आली नाही.

"संध्याकाळी पुन्हा," ती पवनला म्हणाली. "तुमीच."

मग कोनाड्यातली पानं तिनं देठांसकट बकरीपुढे टाकली.