ध्रुवावरची माफक थंडी

यंदा फ्रिजवाल्याला माफी मिळाली. ही बातमी आपण ऐकलीच नाही असं समजू, कारण संध्याकाळपर्यंत त्यानंही तसंच समजायला घेतलं.

सकाळी तो गच्चीवर छत्री धरून कपडे वाळत घालत होता. पाऊस नव्हता. बायकोच्या नाकावरचा डाग डॉक्टरांनी कापून काढला आणि "उन्हानं होतं असं," म्हणाले, तेव्हापासून गच्चीचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. उन्हाला तोंड दाखवायची मात्र त्याला लाज वाटे.

त्याचं कारण जुनं. फ्रिज दुरुस्त करताना नळी ढिली करून उरलेला गॅस हवेत सोडायचा, ही धंद्यातली रीत. लग्न नवं होतं, बायको दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, तेव्हा त्यातली एक गार फुंकर तो तिच्या नाकावर सोडायचा. ती हसायची. पुढे मुलगी हवामान खात्यात लागली आणि एकदा जेवताना सहज बोलून गेली, की हाच गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो, मग ऊन नीट गाळलं जात नाही. फ्रिजवाल्याचा घास हातातच राहिला. तेव्हापासून तो गॅस टाकीत भरून परत पाठवायचा आणि दरवर्षी मुलीकडे ओझोनच्या भोकाची चौकशी करायचा.

"बाबा, भोक यंदा अगदी लहान आहे," मुलगी जिन्यातूनच म्हणाली.

त्यानं छत्री मिटली. "टाक्या भरल्याचा गुण आला म्हणायचा."

"थोडा आला. यंदाचं श्रेय वाऱ्याचं. हिवाळ्यात ध्रुवाभोवती वारा गरगर फिरतो, आत थंडी कोंडून ठेवतो. कडाक्याची पडली की उंचावर बर्फाचे ढग होतात. त्यांच्यावर तुमचा गॅस जागा होतो, आणि ऊन आलं की जेवायला बसतो. यंदा वारा ढिला पडला, ऊब आत शिरली. ढगच फारसे झाले नाहीत."

"म्हणजे गॅस आहे."

"आहे की. पन्नास-शंभर वर्षं राहील. यंदा अर्धपोटी आहे, एवढंच."

त्यानं छत्री पुन्हा उघडली.

"अहो बाबा, भोक दक्षिण ध्रुवावर. आईचं नाक इथं."

"नाकावर मीच सोडलाय."

बायको मागे येऊन उभी होती. नाकावरच्या व्रणाला तिनं बोट लावलं. "त्या फुंकरीइतकं गार मला आयुष्यात काही लागलं नाही," ती म्हणाली. "आता तेवढंही परत घेताय?"

छत्री त्यानं तिच्या डोक्यावर धरली आणि स्वतः उन्हात उभा राहिला.

संध्याकाळी मुलीच्या हाती त्यानं तिच्या साहेबांसाठी अर्ज दिला:

"अर्जदाराचा गॅस वर असून तो खाली आणणे अर्जदारास शक्य नाही. सबब, आपल्या खात्याने दक्षिण ध्रुवावरील थंडी पुढील शंभर वर्षे माफक ठेवावी, ही नम्र विनंती. अर्जदाराच्या पत्नीची काहीही तक्रार नाही. तरीही विचार व्हावा."