हुंड्यातला स्विमिंग पूल

बुधवार होता. हुडकेश्वरला सासरच्या बंगल्यात श्वेता डब्याच्या पोळ्या लाटत होती. तीन वर्षांची मेघा पायाशी बसून कणकेची गोळी मळत होती. कुकर उतरवून श्वेता वळली, तर लेक नव्हती. मागचं दार उघडं होतं, आणि दाराबाहेर चार पावलांवर स्विमिंग पूल. ना कठडा, ना जाळी.

तो पूल म्हणजे तिचा हुंडा होता. लग्न ठरताना सासरे वामनराव म्हणाले होते, "हुंडा-बिंडा आमच्यात नाही. तुम्ही मिस्त्री आहात ना, धोंडबा? मागं एक स्विमिंग पूल बांधून द्या, झालं." श्वेताच्या बापाने तो पदरच्या सिमेंटने, स्वतःच्या हाताने बांधला.

"परवानगी, साहेब? आन् कठडा?" त्याने भीत भीत विचारलं होतं.

"परवानगीचं मी पाहतो. कठड्यानं शोभा जाते."

परवानगी कधी आलीच नाही. मेघा रांगू लागल्यापासून श्वेता जाळीसाठी नवऱ्याच्या मागे लागली होती. "बाबाले आवडत नाई वं," एवढंच अश्विन म्हणायचा.

मेघाला बाहेर काढलं तेव्हा तिच्या नखांत कणीक तशीच होती.

तेरवीला पाहुण्यांसमोर वामनराव बोलले, "मिस्त्रीनं पायऱ्याच निसरड्या बांधल्या. काय करता!" मग त्यांनी श्वेतापुढे कागद सरकवला. अपघात झाला, कोणाविरुद्ध तक्रार नाही. "सही कर, पोरी."

श्वेताने कागदाची घडी घातली. "ठाण्यातच करते सही."

फाटकाबाहेर धोंडबाने तिला गाठलं. ती थांबली. "हुंडा देणाराही गुन्हेगार असते, बाबा. बिनपरवानगीचं बांधणाराही. मी तक्रार केली तं तूबी सुटत नाई गा."

"तुले काय पायजे, माय?"

"वामनराव पायजे, ठाण्यातल्या बाकड्यावर. ज्याले ज्याले त्यानं पूल दाखवला, त्या सगळ्यायनं त्याले तिथं पाह्यलं पायजे."

धोंडबा तिच्यामागून चालू लागला.

"कोणाविरुद्ध?" हवालदाराने विचारलं.

"वामनराव. सासरा." तेरा दिवसांत पहिल्यांदा श्वेताचा आवाज खणखणीत निघाला. "अश्विन. नवरा."

"आणखी?"

तिने बापाकडे वळून पाहिलं. सिमेंटने भेगाळलेला हात टेबलावर आला.

"धोंडबा मिस्त्री, लिवा साहेब," बाप म्हणाला. "पोरगी सुखात राहीन म्हून म्याच बांधून देल्ला."