दोन बगळ्यांचं पेन

जाफरचाचांनी पेनाचं टोपण सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात घट्ट धरलं आणि पिळलं. मनगटाच्या शिरा वर आल्या, पण टोपण काही हललं नाही. त्यांनी ते पुन्हा गरम पाण्याच्या वाटीत बुडवलं, पुसलं, पुन्हा पिळलं. समोर उभ्या असलेल्या अंकिताचं लक्ष पेनापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडेच जास्त होतं. अडीच वाजले होते. डॉक्टरांनी चारची वेळ दिली होती.

“चाचा, काय पन करा, पन उघडा,” ती म्हणाली. “आबांचा पाय सडत चाललाय. आज गुडघ्याखाली कापला तर वाचतील म्हणत्यात. उद्यावर गेलं तर कायच सांगता येत न्हाई.”

“आनि त्याला हे पेन कशाला?”

कुणाला पटण्यासारखं नव्हतं, तरी तिने सांगितलं. तिचे आजोबा, म्हणजे आबांचे वडील, १९५३ साली लष्कराच्या वैद्यकीय तुकडीतून कोरियात गेले होते. तिथल्या एका सोनाराच्या हाताची जखम त्यांनी बरी केली, म्हणून त्याने हे सोन्याच्या पत्र्याचं पेन दिलं. तेव्हापासून मेढ्याच्या त्या घरात महत्त्वाच्या कागदावर दुसऱ्या पेनाने सही झालेली नाही. अंकिताच्या लग्नाच्या यादीवर सही करायची वेळ आली, तर पेन घरी राहिलेलं. ते येईपर्यंत व्याही दोन तास ताटकळले. नंतर सगळे हसले, आबा हसले नाहीत. आता मिरजेच्या दवाखान्यातही त्यांना तेच पेन हवं होतं. डॉक्टर वैतागून म्हणाले, मग अंगठा द्या. आबांनी भिंतीकडे तोंड केलं. पेशंट शुद्धीवर असताना मुलीची सही चालत नव्हती. शेवटी आज सकाळी तिची आई बनुबाई मेढ्याहून एसटीने पेन घेऊन आल्या, आणि ते उघडेना.

जाफरचाचा मिरजेतच सतारींवर नक्षी करणारे. चाळीस वर्षं वाद्यांवर बसवायच्या पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरण्यात गेलेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. टोपणभर ढग होते. एक वाकडं देवदाराचं झाड, त्याखाली लांब मानेचे दोन पक्षी. घरात त्यांना बगळेच म्हणत. एकाने पंख पसरलेले, दुसरा नुसता उभा. पिसांच्या रेघा इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना त्या छटेसारख्या वाटत. ढगाची शेपटी टोपणाला वळसा घालून पुन्हा ढगातच शिरत होती.

“सुरुवात कुठं, शेवट कुठं, कळत न्हाई बघ. लय मोठा कारागीर,” चाचा म्हणाले. “आनि ह्यो एका पायावर उभा हाय.”

अंकिताने मान फिरवली. चाचांच्या लक्षात आलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“कापावं लागंल. बरोबर दोघांच्या मधनं. परत जोडून असं व्हायचं न्हाई.”

“कापा.”

“आबास्नी एकदा इचारतीस का?”

“कापा हो चाचा!” म्हणता म्हणता ती रडायलाच लागली.

चाचांनी बारीक करवत घेतली. सोन्याचा चुरा खालच्या काचेवर पडत गेला. मध्येच थांबून ते कुणाला तरी “माफ कर बाबा” म्हणाले आणि पुन्हा कापू लागले. टोपण दोन भागांत निघालं. निब शाबूत होती. पण चाचांनी आट्यांवरून नख फिरवलं, वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ही वाळलेली शाई न्हाई, पोरी. शाई गरम पान्यानं सुटली असती. हे फेविक्विक हाय. चार-दोन दिवसांतलं. कुनीतरी मुद्दाम बसवलंय.”

रिक्षात बसल्यावर अंकिताला सगळा उलगडा झाला, आणि संतापच आला. आबांनीच हे केलं. दवाखान्यात येण्याआधी टोपण चिकटवून ठेवलं आणि मग त्याच पेनाचा हट्ट धरला. पाय द्यायचा नाही, हे तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ही युक्ती.

वॉर्डात आबा तापाने लाल झाले होते. बनुबाई पायथ्याशी बसल्या होत्या. अंकिताने पेन आणि टोपणाचे दोन्ही तुकडे चादरीवर ठेवले.

“आबा, तुमी चिकटवलं व्हतं हे. मरायचंच असलं तर सरळ सांगायचं व्हतं. आमाला का पळवताय?”

“चिकटवलं?” आबांनी एक तुकडा उचलला. “कुनी?”

ते खरोखर गोंधळले होते. अंकिताला ते दिसलं. आता रागवायचं कुणावर, हेच तिला कळेना.

बनुबाईंनी हात पदराखाली घेतले. पण आबांना दिसायचं ते दिसलं होतं. बनुबाईंच्या उजव्या अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची कातडी सोलून निघाली होती, कडेला वाळलेल्या फेविक्विकचा पांढरा पापुद्रा तसाच होता. बनुबाईंच्या थोरल्या भावाला असंच पाय कापायला नेलं होतं. तो ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नाही. या चार दिवसांत त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. बनुबाईंना काय वाटतं, हेही कुणी विचारलं नव्हतं.

आबांनी बायकोकडे पाहिलं.

“मीच लावलं,” ते अंकिताला म्हणाले. “टोपन ढिलं झालं व्हतं. इसरलो बघ.”

अंकिता काही बोलणार होती. तिने आईकडे पाहिलं आणि टोपणाचा उरलेला तुकडा मुठीत घेतला.

नर्स कागद घेऊन आली. “काका, झालं का? वरून दोनदा फोन आलाय.”

अंकिताने कागदाखाली पॅड सरकवलं. आबांनी पेन धरलं, निब कागदावर नेली आणि थांबले.

“बनू,” ते म्हणाले, “करू का सही?”

वाटणीपत्र झालं होतं, खरेदीखतं झाली होती, तिन्ही लेकरांच्या याद्या झाल्या होत्या. एकाही वेळी हा प्रश्न आला नव्हता. पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता. मग बनुबाईंनी पदराखालून हात काढला आणि कागदाची कड दाबून धरली.