पिपळडोहच्या नावेवरची उन्हाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी उन्हाची पाटी आहे. कागदोपत्री माझे नाव सौर पॅनेल असे आहे, पण ज्या लोकांत मी राहिले त्यांनी मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. नागपुरातल्या एका सरकारी गोदामात, मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे मी भिंतीला टेकून उभी आहे. माझी काच शाबूत आहे. आतली एकही चकती तडकलेली नाही. उजेड पडला तर मी आजही वीज करते. तरीही माझ्या अपुरेपणामुळे एक बाई प्राणाला मुकली. तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. वाळूतून काढलेल्या एका चमकदार पदार्थाच्या पातळ निळसर चकत्या कापतात, त्या रुपेरी पट्ट्यांनी एकमेकींना जोडतात, वर जाड काच आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट बसवतात, की माझ्यासारखी पाटी तयार होते. ऊन पडले की आमच्यात वीज उमटते. धूर नाही, आवाज नाही. त्या काळी आम्ही देशात फार थोड्या होतो आणि लोक आम्हाला हात लावायलाही बिचकत.

१९८४ सालच्या मार्चमध्ये मी लाकडी पेटीतून, गवतात गुंडाळलेली, नागपूरला आले. त्याच पेटीत दुसरी एक पाटी होती. ती माझ्या तिप्पट मोठी होती. आम्हा दोघींतून एकीला निवडायचे होते.

कशासाठी, ते सांगते. उमरेडच्या बाजूला पिपळडोह नावाचा मोठा तलाव आहे. त्याचा बांध घातला तेव्हा डोंगरटोला नावाचे चाळीस घरांचे गाव पलीकडे अडकून पडले. तीन बाजूंना जंगल आणि समोर पाणी. एका सरकारी कार्यालयाने त्या गावाला इंजिनाची लोखंडी नाव दिली होती. बळीराम नावाचा ढिवर, म्हणजे मासेमारी करणारा, ती चालवत असे. नावेचे इंजिन बॅटरीवरच सुरू होई, हँडल मारायची सोय त्याला नव्हती आणि चालताना ते बॅटरी भरतही नसे. नावेवर एक दिवा आणि एक भोंगा होता, तेही बॅटरीवर. दोन्ही काठांवर विजेचा खांब मात्र नव्हता. त्यामुळे दर दहा-बारा दिवसांनी बळीराम ती जड बॅटरी पोत्यात बांधून एसटीने उमरेडला आणि तिथून नागपूरला नेई. शहरातल्या सक्करदरा भागात शालिकराम नावाच्या माणसाचे बॅटरी चार्ज करण्याचे दुकान होते, तिथे ती ठेवी. त्यात दोन दिवस जात आणि तेवढे दिवस नाव काठाला पडून राही. बॅटरीतल्या तेजाबाने बळीरामच्या दोन धोतरांना भोके पडली होती, आणि कंडक्टर त्याला बघताच तोंड वाकडे करीत.

हे सारे त्याच कार्यालयातल्या मधुसूदन नावाच्या तरुण इंजिनियरने पाहिले होते. नावेवर उन्हाची पाटी बसवावी ही कल्पना त्याचीच. तो मोठा कष्टाळू होता. महिनाभर त्याने वहीत टिपण ठेवले. दिवसातून इंजिन किती वेळा सुरू होते, दिवा किती तास जळतो, पावसाळ्यात आभाळ सलग किती दिवस झाकलेले असते. बॅटऱ्यांचा स्वभाव शालिकरामला ठाऊक म्हणून त्याने त्यालाही कार्यालयात बोलावून घेतले. शालिकराम आला, चप्पल दाराबाहेर काढून ठेवली, आम्हा दोघींना निरखून पाहिले आणि मधुसूदनच्या वहीतले टिपण नीट ऐकून घेतले.

मग तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पाटी चैताच्या उन्हाले पाहून घेऊन राहिले. भादव्याच्या झडीले पाहून घ्या. झडीत लहानीचं काही चालणार नाही."

झड म्हणजे दिवसच्या दिवस न थांबणारा पाऊस. मधुसूदनची वहीसुद्धा हेच सांगत होती. आभाळ पाच दिवस सलग झाकलेले राहिले, तर मी कमी पडणार होते आणि मोठी पाटी निभावून नेणार होती. त्याने त्या ओळीखाली लाल शाईने रेघ ओढली होती. ती मी टेबलावर पडल्या पडल्या पाहिली.

एप्रिलमध्ये कार्यालयाच्या गच्चीवर आमची परीक्षा झाली. नागपूरचे एप्रिलचे ऊन तुम्हाला माहीतच आहे. गच्चीची फरशी पायाला भाजत होती. मला मीटरच्या तारा जोडल्या आणि काटा झर्रकन वर गेला. मोठे साहेब वामनराव छत्री धरून उभे होते, ते खूश झाले. मोठ्या पाटीचा काटा त्याहून कितीतरी वर गेला, पण तिची अडचण वेगळीच होती. ती नावेच्या छतावर बसवली असती तर कार्यालयाच्या नावाचा रंगवलेला फलक झाकला गेला असता. वामनरावांनी मधुसूदनला विचारले, "काय हो, ही छोटी पुरेल ना?"

मधुसूदनच्या हातात वही होती. त्याने ती उघडली नाही. गच्चीच्या कठड्याकडे बघत तो हळू आवाजात म्हणाला, "पुरेल, साहेब."

मित्रांनो, खरे सांगते, त्या क्षणी मला आनंदच झाला. मोठीला मागे टाकून माझी निवड झाली होती. मोठी पाटी कार्यालयाच्या दर्शनी दालनात, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावी म्हणून मांडून ठेवली. मी नावेवर गेले.

तिथे मला पंचफुला भेटली. ही बळीरामची बायको. तलावावर बगळे आणि कावळे फार, ते छतावर बसून मला घाण करीत. पंचफुला रोज सकाळी नावेवर चढून ओल्या फडक्याने माझी काच पुसे. मला कोणी पुसावे हे कार्यालयाच्या कुठल्याच कागदात लिहिलेले नव्हते. तिने ते आपल्या मनाने सुरू केले. पुसून झाले की माझ्यावर हात फिरवून म्हणे, "खाय वं बाई, पोटभर ऊन खाय." तिला मूलबाळ नव्हते. गावातल्या बायका तिची थट्टा करीत, पण तिने माझी काच एक दिवसही पुसायची ठेवली नाही.

पहिले वर्ष सुखाचे गेले. त्या साली पावसाने ओढ दिली होती, आभाळ बरेचसे मोकळे असे. बॅटरी पोत्यात बांधून नेणे थांबले. दर मंगळवारी सिंधूताई नावाच्या नर्सबाई औषधांची पेटी घेऊन पलीकडे येत. दोन बाळंतिणी वेळेवर उमरेडच्या दवाखान्यात पोचल्या. लोक मला बघायला यायचे, वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. मधुसूदन आला की आधी बॅटरी तपासायचा. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरची काळजी कमी होत गेली. आपली वहीच चुकली असावी असे त्याला वाटू लागले असेल. मलाही तसेच वाटू लागले होते.

दुसऱ्या वर्षी, १९८५ च्या भादव्यात, झड लागली.

पहिले दोन दिवस मला काही वाटले नाही. तिसऱ्या दिवसापासून आभाळ इतके खाली आले की पलीकडचा काठ दिसेना. दुपारचा उजेडसुद्धा राखेसारखा पडे. मी दिवसभरात कशीबशी थेंब थेंब वीज गोळा करीत असे आणि इंजिनाच्या एकाच सुरुवातीत ती सारी संपून जाई. पंचफुला पावसातही येऊन माझी काच पुसून जाई. काच स्वच्छ होती. वरून पडायला ऊनच नव्हते.

चौथ्या दिवशी नावेचा दिवा लाल पडला. बळीरामने तो लावणे बंद केले, भोंगा वाजवणे बंद केले. पाचव्या दिवशी तो भिजत उमरेडला गेला आणि पोस्टातून कार्यालयाला फोन लावला. बॅटरी शालिकरामकडे आणू का, असे त्याने विचारले. मधुसूदन कामासाठी रामटेकला गेला होता. दुसऱ्याच कोणीतरी फोन घेतला आणि सांगितले की, पाटी बसवल्यापासून बाहेर चार्जिंग करायची मंजुरी बंद झाली आहे, ऊन पडेपर्यंत थांबा. बळीराम परत आला. त्याने पंचफुलेला हे सांगितले तेव्हा दोघेही माझ्याखालीच बसले होते. माझ्याबद्दल त्यांनी एकही वाकडा शब्द काढला नाही.

आठवा दिवस मंगळवारचा होता. सकाळी दहाच्या सुमारास पंचफुला धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, निंदण काढत होती. तिथे तिच्या घोट्याला नाग चावला. लोकांनी पायाला दोरी बांधली, तिला बाजेवर घालून धावत नावेवर आणले. उमरेडच्या दवाखान्यात सापाच्या विषावरचे औषध होते. नावेने पलीकडे जायला वीस मिनिटे लागत आणि पुढे रस्ता होता.

बळीरामने बटण दाबले. इंजिनातून 'टक' असा एक आवाज आला. त्याने पुन्हा दाबले. पुन्हा 'टक'. तिसऱ्यांदा तोही आवाज आला नाही.

त्या वेळी मी काय केले असेन असे तुम्हाला वाटते? मी आभाळाकडे तोंड करून पडून राहिले. मला दुसरे काही करता येत नाही. साऱ्या आभाळातून मला एका सुरुवातीपुरतीही वीज गोळा करता आली नाही.

नावेवर अडीअडचणीसाठी ठेवलेली दोन वल्ही होती. ती नाव लोखंडाची, समोरून वारा, लाटा काठाला आपटत होत्या. गावातले लहान लाकडी डोंगे त्या लाटांत टिकले नसते. बळीराम आणि गावातले तिघे जण, एकेका वल्ह्यावर दोघे, वल्ही मारू लागले. पंचफुला छताखाली बाजेवर होती. तिची पापणी जड होत चालली होती, जीभ अडखळत होती. तिने विचारले, "इंजिन काहून नाही चालू करून राहिले गा?"

बळीराम वल्हे मारता मारता म्हणाला, "करतो. आत्ता करतो."

तिने आणखी एकदा तेच विचारले. त्याने तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही.

पलीकडच्या घाटावर सिंधूताई औषधांची पेटी घेऊन सकाळपासून नावेची वाट पाहत उभ्या होत्या. नाव पोचायला दीड तास लागला. त्या गुडघाभर पाण्यात उतरून नावेवर चढल्या, पंचफुलेचे मनगट हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाही. मग त्यांनी बळीरामकडे बघून नकारार्थी मान हलवली. बळीरामच्या तळहातांची साल निघाली होती. तो तसाच वल्हे धरून बसून राहिला. कोणी ते त्याच्या हातातून काढून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. मित्रांनो, त्या उन्हाइतके वाईट मी आयुष्यात काही पाहिले नाही. मी ते खाल्ले. ते खाणे थांबवता आले असते तर मी थांबवले असते. सायंकाळपर्यंत बॅटरी बरीच भरली आणि नावेवर कोणी आले नाही.

चार दिवसांनी कार्यालयातून चौकशीला माणूस आला. त्याने बटण दाबताच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. त्याने मला मीटर लावला आणि कागदावर लिहिले, 'पॅनेल सुस्थितीत. बॅटरी पूर्ण भरलेली. यंत्रात दोष नाही.' बळीराम शेजारी उभा होता. त्याने ते काय लिहिले म्हणून विचारले आणि त्या माणसाने वाचून दाखवले. त्यात खोटे काहीच नव्हते.

मधुसूदन आठवड्याने आला. तो नावेत बळीरामच्या समोर बसला.  तो म्हणाला, "बळीराम, मोठी पाटीच घ्यायला हवी होती. मला ते तेव्हाच माहीत होतं."

 बळीरामच्या आवाजात राग नव्हता, नुसते न कळणे होते. "मंग सांगितलं काहून नाही, साहेब?"

 मधुसूदन उठून घाटावर गेला आणि एसटी येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

त्यानंतर त्याने मोठी पाटी नावेवर बसवावी म्हणून तीन वेळा लिहून दिले. पण या भागात उन्हाचा भरवसा नाही, असा वामनरावांचा शेरा पडला आणि योजनाच बंद झाली. नाव ओढून नेली. डोंगरटोल्याच्या लोकांना पुन्हा लहान डोंग्यांतून किंवा जंगलातून जावे लागले. एकेक घर उठून दुसरीकडे गेले. बळीराम उमरेडच्या खाणीवर कामाला लागला, एवढेच मला कळले. मधुसूदनची बदली झाली. मोठी पाटी दर्शनी दालनातच राहिली आणि तिच्यापासून कोणी कधीच वीज घेतली नाही.

आणि मी या गोदामात आले. दुपारी खिडकीतून थोडा वेळ ऊन माझ्यावर पडते. माझ्यात वीज उमटते. तारांना काहीच जोडलेले नाही, त्यामुळे ती कुठे जात नाही.

मित्रांनो, मला पुसून पुन्हा कुठेतरी बसवा, असे मी मागत नाही. पण तुम्ही मोठे व्हाल. कुणाच्या नावेसाठी, कुणाच्या दवाखान्यासाठी वस्तू निवडायचे काम तुमच्याकडे येईल. तेव्हा ती भर उन्हात तपासून समाधान मानू नका. झडीच्या आठव्या दिवशी ती काय करील ते विचारा. तुम्हाला उत्तर ठाऊक असेल, तर ते तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगा. त्या दिवशी गच्चीवर दोघांना खरे ठाऊक होते, मला आणि मधुसूदनला. मला बोलता येत नव्हते. त्याला येत होते.